आधी खोली, मग स्पीकर: सीमाभागातल्या घरात उत्तम श्रवणव्यवस्था कशी उभारावी

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी, संकेश्वर या पट्ट्यात गाणं मन लावून ऐकणारी घरं पुष्कळ आहेत. कुमार गंधर्व १९२४ साली जन्मले ते बेळगावजवळच्या सुळेभावीत. मल्लिकार्जुन मन्सूर, गंगूबाई हनगल, भीमसेन जोशी यांचा धारवाड-हुबळी-गदगचा मुलूख इथून काही तासांवर, आणि तंबोऱ्यांचं मिरज रेल्वेनं जोडलेलं. धारवाड आणि सांगली आकाशवाणी ऐकत इथली एक अख्खी पिढी वाढली. त्यांची मुलं-नातवंडं आता कमावती झाली आहेत, नवं घर बांधतायत किंवा जुन्याची डागडुजी करतायत, आणि घरात एक अशी जागा असावी असं त्यांना वाटतं, जिथं बसलं की गायक समोर आहे असा भास व्हावा.

हे जमण्यासारखं आहे. फक्त बहुतेक जण पैसा उलट्या क्रमानं घालतात. आधी परीक्षणं वाचून भारी अ‍ॅम्प्लिफायर, मग उरलेल्यात स्पीकर, आणि ते ठेवायचे खोलीत जिथं कपाट-सोफ्यातून जागा उरेल तिथं. खोलीचा विचार शेवटी, किंवा कधीच नाही. आपण ऐकतो त्यातला फार मोठा भाग मात्र भिंती, छत आणि फरशी यांच्यावरून उलटून आलेला आवाज असतो. म्हणून या लेखाचा क्रम वेगळा आहे: कान, खोली, स्पीकर, वीज, आणि मग बाकीचं.

कान तयार करा

दुकानात पाऊल टाकण्याआधी माईकशिवायचं संगीत जवळून ऐका. यासाठी आपल्याकडे फार लांब जावं लागत नाही. एकादशीला गावातल्या देवळात भजन असतं. पखवाजापासून सहा-सात फुटांवर बसा. टाळांचा पहिला टणत्कार कसा लखकन येतो आणि किती वेळ विरत राहतो, पखवाजाच्या धुमाळीचा दाब छातीवर कसा येतो, वीणेकऱ्याचा आवाज त्या सगळ्यातून वेगळा कसा कळतो, हे लक्षात ठेवा. ओळखीत कोणी गाणं शिकत असेल तर शेजारी बसून तंबोरा ऐका. मिरजेला जाणं झालं तर सतारमेकर गल्लीत तासभर काढा. तिथल्या सतार-तंबोऱ्यांना २०२४ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळालं आहे. कारागीर जवारी (तारेचा झणकार) लावताना दोरा थोडा पुढं-मागं सरकवतो आणि तोच तंबोरा कसा उघडतो, हे प्रत्यक्ष ऐकण्यासारखं आहे. हा फरक ज्या यंत्रणेवर कळतो ती यंत्रणा चांगली.

आणखी एक फार उपयोगी गोष्ट. घरातल्या माणसाचा आवाज चांगल्या रेकॉर्डरवर तोंडापासून दोनेक फुटांवरून ध्वनिमुद्रित करा. आई ओवी म्हणत असेल, आजोबा हरिपाठ म्हणत असतील, ते घ्या. कुठल्याही दुकानात हा तुकडा वाजवून बघता येतो, आणि तो आवाज खरा कसा आहे हे तुमच्याइतकं कोणालाच माहीत नसतं.

मिरवणुकीतल्या डॉल्बीच्या ठोक्याची ज्यांना सवय आहे, त्यांना नीट जमलेली यंत्रणा पहिल्या दिवशी बारीक वाटेल. दोन-तीन आठवडे द्या, कान बसतो.

खोली निवडा आणि मोजा

आपल्याकडे साधारण दोन जातीची घरं आहेत, आणि दोन्हींचा आवाज वेगळा.

खानापूरकडची आणि जुन्या गल्ल्यांमधली घरं कौलारू. जांभ्या दगडाच्या नाहीतर मातीच्या जाड भिंती, लाकडी तुळया, वर मंगळुरी कौलं, जमिनीला शहाबादी किंवा कोबा. या घरांत खालचे स्वर फारसे घुमत नाहीत, कारण कौलांच्या फटींतून आणि हलक्या छतातून ते बाहेर निघून जातात. मध्यम आवाज मोकळा आणि नैसर्गिक लागतो. माझ्या मते आपल्याकडच्या जुन्या घरातला सोपा, म्हणजे पुढची बैठकीची जागा, ही गाणं ऐकायला विलक्षण चांगली जागा आहे. अडचणी दोन: रस्त्याचा आवाज आत येतो, आणि जून ते सप्टेंबर पावसाचा मारा कौलांवर असतो तेव्हा बारीक आलाप ऐकूच येत नाही. छताला कुठं पत्रा असेल तर तो विशिष्ट स्वराला थरथरतो. अशा पत्र्याखाली रबराच्या पट्ट्या घालून घ्या.

दुसरी जात स्लॅबच्या घरांची. टिळकवाडीपासून अनगोळ-वडगावच्या नव्या वसाहतींपर्यंत सगळीकडे हेच. सिमेंटचा गिलावा, वर स्लॅब, खाली गुळगुळीत व्हिट्रिफाइड टाइल्स, काचेच्या मोठ्या सरकत्या खिडक्या. आवाजाला शोषणारं इथं काहीच नसतं. रिकाम्या खोलीच्या मध्यावर उभं राहून एक टाळी वाजवा. टाळीमागे झिंग किंवा तर्रर्र असा शेपूट ऐकू आला तर समांतर भिंतींत आवाज टोलवला जातो आहे. त्या खोलीत कितीही लाखाचा स्पीकर ठेवा, द्रुत तान एकमेकींत मिसळून जाणार.

आता टेप घ्या. ५६५ या आकड्याला खोलीच्या मापानं (फुटांत) भागा. येईल तो त्या दिशेचा पहिला घुमारा, हर्ट्झमध्ये. १५ फुटांना सुमारे ३८, १२ फुटांना ४७, १० फुटांना ५६. हा घुमारा म्हणजे त्या स्वराला खोली स्वतः फुगवते. लांबी, रुंदी, उंची वेगवेगळी असेल तर हे घुमारे विखुरतात आणि सोसवतात. १० बाय १० ची, १० फूट उंचीची खोली सगळ्यात वाईट, कारण तिन्ही दिशांनी तोच स्वर फुगतो. घर बांधणं अजून नकाशावरच असेल तर गवंड्याला आणि आर्किटेक्टला सांगून चौरस खोली टाळा. ११ बाय १६ किंवा १२ बाय १८ सारखी लांबट खोली घ्या.

जुन्या गल्लीतल्या अरुंद घरांची एक खास गोष्ट आहे. तिथं आठ फुटी खोली सर्रास असते. ५६५ भागिले ८ म्हणजे ७० च्या थोडं वर. पुरुष गायक काळी एकमध्ये (पेटीची पहिली काळी पट्टी) गात असेल तर त्याचा षड्ज सुमारे १३९ हर्ट्झचा, आणि तंबोऱ्याच्या खर्जाची तार त्याच्या निम्म्यावर, ६९ हर्ट्झच्या आसपास. म्हणजे नेमका खर्जच तिथं फुगतो, आणि डग्ग्याचा घुमाराही त्याच पट्ट्यात पडत असल्यानं तबला पिंपात वाजल्यासारखा होतो. लोक यासाठी स्पीकर बदलतात. खरं तर बसायची जागा दोन फूट हलवली तरी बराच फरक पडतो.

खोलीला शांत करा

यासाठी परदेशी पॅनेल मागवण्याची गरज नाही.

जमिनीवर स्पीकर आणि तुम्ही यांच्यामध्ये जाड सतरंजी किंवा जमखाना पसरा. नवलगुंदचे जमखाने आपल्या शेजारच्या धारवाड जिल्ह्यातले, जाड सुताचे आणि देखणे असतात. खाली फेल्ट किंवा पातळ गादी घातली तर परिणाम वाढतो. धनगरी घोंगडी दुमडून भिंतीवर, भिंतीपासून चार बोटं अंतर सोडून टांगली तरी टाळीचा तर्रर्र बराच जातो. मात्र एक समजून घ्या. सतरंजी, घोंगडी, पडदे हे फक्त वरच्या पट्टीतला आवाज शोषतात. सगळ्या भिंती नुसत्या पडद्यांनी झाकल्या तर वरचा आवाज मरतो, खालचा घुमत राहतो, आणि खोली कोंदट वाटायला लागते.

खालच्यासाठी जाडी लागते. ४८ किलो प्रति घनमीटर घनतेचा रॉकवूल, चार इंच जाड, एसी डक्टचं किंवा बॉयलरच्या इन्सुलेशनचं काम करणाऱ्यांकडे मिळतो. सुताराकडून दोन बाय चार फुटांच्या साध्या चौकटी करून घ्या, त्यात रॉकवूल बसवा, वर हवा जाईल असं सुती कापड ताणून लावा. कापडाला तोंड लावून फुंकर मारली आणि ती पलीकडे गेली तर कापड योग्य. काम करताना मास्क आणि हातमोजे घाला, तंतू अंगाला खाजतात. अशा सहा-आठ चौकटी पुरतात. चार खोलीच्या कोपऱ्यांत तिरप्या, उभ्या. दोन बाजूच्या भिंतींवर, आवाज पहिल्यांदा आदळतो तिथं. ती जागा शोधायची युक्ती सोपी: तुम्ही ऐकायच्या जागी बसा, घरातल्या कोणाला तरी आरसा भिंतीला लावून सरकवत न्यायला सांगा. आरशात जिथं स्पीकर दिसेल ती जागा.

ऐकणाऱ्याच्या मागच्या भिंतीला पुस्तकांचं भरलेलं कपाट उत्तम. पुस्तकं एका रेषेत न लावता मागं-पुढं ठेवा, आवाज विखुरतो. अंड्यांचे ट्रे भिंतीला चिकटवण्याचा सल्ला कोणी दिला तर ऐकू नका. त्यानं जवळपास काहीच शोषलं जात नाही आणि ते पटकन पेट घेतात.

बेळगाव समुद्रसपाटीपासून सुमारे अडीच हजार फुटांवर असल्याचा एक फायदा इथं सांगायला हवा. वर्षातले कितीतरी महिने संध्याकाळी पंखा बंद ठेवता येतो. पंख्याची घरघर बारीक आवाजाचा मोठा शत्रू आहे, आणि मुंबईच्या श्रोत्याला ही चैन मिळत नाही.

पैशांची वाटणी

समजा तीन लाख हाताशी आहेत. माझी वाटणी अशी असेल: चाळीस हजारांपर्यंत खोली आणि वीज यांवर, दीड लाखाच्या आसपास स्पीकर आणि स्टँड, सत्तर हजारांपर्यंत अ‍ॅम्प्लिफायर, बाकीच्यात डॅक (डिजिटल फाइलचं विद्युत ध्वनिसंकेतात रूपांतर करणारी पेटी), फाइली वाजवायचं यंत्र आणि वायरी. बजेट निम्मं असेल तर अ‍ॅम्प्लिफायर आणि डॅक कापा. स्पीकरचा वाटा कमी करू नका, आणि खोलीचा तर नकोच.

स्पीकर

तुम्ही काय ऐकता त्यावर स्पीकर ठरतो. आपल्याकडच्या श्रोत्याच्या संग्रहात बहुतेक करून ख्याल, नाट्यसंगीत, अभंग, जुनी चित्रपटगीतं असतात. त्यातलं पुष्कळसं मोनो, आकाशवाणीचं किंवा कॅसेटवरून उतरवलेलं, वर फारसं काही नसलेलं. या संगीताचा बहुतेक जीव मधल्या पट्टीत, म्हणजे साधारण १०० ते ४,००० हर्ट्झमध्ये आहे. खर्जाचं गणित वर दिलंच आहे: पुरुषाच्या तंबोऱ्याचा खर्ज ६९ हर्ट्झ, काळी चारमध्ये गाणाऱ्या बाईंचा १०४ च्या आसपास. म्हणजे ५० हर्ट्झपर्यंत नीट उतरणारा छोटा, स्टँडवरचा स्पीकर हे संगीत पूर्ण न्यायानं वाजवू शकतो. १२ बाय १५ च्या स्लॅबच्या खोलीत भलेमोठे टॉवर आणून घुमारा वाढवण्यात अर्थ नाही. ज्यांना ऑर्गन, सिंफनी किंवा आजचं इलेक्ट्रॉनिक संगीत ऐकायचं आहे त्यांनी जरूर मोठे घ्यावेत, किंवा नंतर सबवूफर (फक्त खालचे स्वर वाजवणारा स्पीकर) जोडावा.

बीबीसीनं १९७० च्या दशकात बाहेरच्या प्रक्षेपणाच्या गाडीत ठेवण्यासाठी एलएस ३/५ए हा लहानसा बंद पेटीचा स्पीकर तयार केला. मानवी आवाज खरा वाटतो की नाही हे त्यावर तपासायचे. आजही त्या घराण्यातले स्पीकर गाणं ऐकणाऱ्यांना फार आवडतात, आणि ख्यालासाठी मला ते मनापासून योग्य वाटतात. बंद पेटीचा स्पीकर भिंतीजवळ ठेवला तरी फार फुगत नाही, म्हणून लहान खोलीला सोयीचा. मागं भोक असलेल्या स्पीकरला भिंतीपासून निदान दोन-तीन फूट मोकळी जागा हवी. भारतीय कंपन्यांतही ऐकण्यासारखं आहे. कोलकात्याची सोनोडाइन, कोचीची रेथम ही नावं ऐकून बघण्याच्या यादीत असावीत.

खरेदीसाठी पुणे, मुंबई किंवा बेंगळुरूला जाणं होईल. तिथं आपला संग्रह पेन ड्राइव्हवर घेऊन जा, दुकानाचे नमुने ऐकत बसू नका. भीमसेन जोशींची खर्जापासून तार सप्तकात चढत जाणारी एखादी जागा लावा: वर जाताना आवाज पातळ किंवा कर्कश होता कामा नये. मन्सूरांची गुंतागुंतीची तान लावा: प्रत्येक स्वर सुटा मोजता यावा. कुमारांचं काहीही विलंबित लावा: दोन फेकींमधल्या शांततेत तंबोरा ऐकू येत राहिला पाहिजे. मग आईचा आवाज लावा. दोन स्पीकरची तुलना करताना दोन्हींचा आवाज सारख्या पातळीवर आणा, नाहीतर जो जरासा मोठा वाजतो तोच चांगला वाटतो.

आणखी एक गोष्ट इथल्या हवेमुळं. स्पीकरच्या हलणाऱ्या शंकूभोवतीची कडा फोमची नको, रबराची घ्या. दमट हवेत फोम काही वर्षांत भुसभुशीत होऊन तुटतो. जुना स्पीकर घेताना ती कडा बोटानं हलकेच दाबून बघा, आणि शंकू सरळ आत ढकलून खरखर येते का ते ऐका.

अ‍ॅम्प्लिफायर

वॅटच्या आकड्यानं दिपून जाऊ नका. ८७ डेसिबल संवेदनशीलतेची (म्हणजे एका वॅटमध्ये एका मीटरवर प्रत्येक स्पीकर इतका वाजतो) स्पीकरजोडी आठ फुटांवरून एका वॅटमध्ये ८० डेसिबलच्या थोडं वर वाजते, आणि घरात ऐकण्यासाठी ती पातळी भरपूर आहे. वॅट दुप्पट केले की वाढतात फक्त तीन डेसिबल. म्हणून आठ ओहमला चाळीस ते साठ प्रामाणिक वॅट असलेला इंटिग्रेटेड (सगळं एकाच पेटीत असलेला) अ‍ॅम्प्लिफायर आपल्या खोल्यांना पुरतो. स्पीकर चार ओहमचा असेल तर अ‍ॅम्प्लिफायरला तो झेपतो का, एवढं तपासा. सर्व्हिस कुठं होते ते आधीच विचारा आणि मूळ खोकं माळ्यावर जपून ठेवा, कारण दुरुस्तीला पाठवायची वेळ आली तर वीस किलोचं धूड कुरियरनं जाणार आहे.

वीज आणि अर्थिंग

याकडे कोणी लक्ष देत नाही, आणि निम्म्या तक्रारी इथंच असतात.

चांगल्या वायरमनला बोलवा आणि प्लगपाशी न्यूट्रल व अर्थ यांच्यातला व्होल्टेज मोजायला सांगा. दोन-तीन व्होल्टच्या आत असावा. जास्त असेल तर अर्थिंगचा खड्डा बघा. आपल्याकडे मार्चनंतर जमीन सुकते, तेव्हा मीठ-कोळशाच्या खड्ड्यात पाणी घालत राहावं लागतं. जांभ्या खडकाच्या जमिनीत तर अर्थिंग खोल घ्यायलाच हवं. सगळी यंत्रं एकाच बोर्डावरून चालवा. वेगवेगळ्या प्लगवरून घेतली की अर्थचं वेटोळं तयार होतं आणि स्पीकरमधून हूं असा ५० हर्ट्झचा गुंजारव येतो. केबल टीव्हीची वायर यंत्रणेला जोडलेली असेल तर आधी ती काढून बघा, पुष्कळदा तीच कारण असते. गुंजारव घालवायला तिसरी पिन कापणं किंवा अर्थ सोडवणं जिवावर बेतू शकतं. ते कधीही करू नका.

खेड्यात शेतपंप सुरू असतात तेव्हा व्होल्टेज खाली येतो आणि पंप बंद झाले की उसळतो. तिथं सर्वो स्टॅबिलायझर घ्या, एक-दोन केव्हीएचा पुरतो. इन्व्हर्टरवर ऐकायचं असेल तर तो शुद्ध साइन वेव्हचाच हवा. स्क्वेअर वेव्हवर ट्रान्सफॉर्मर गुरगुरतो आणि तापतो.

एप्रिल-मेमध्ये वळीव येतो तेव्हा आभाळ गडगडायला लागताच प्लग उपसून काढा. स्विच बंद करणं पुरेसं नाही. इंटरनेटची वायर आणि अँटेनाही सोडवा. घराच्या मुख्य पेटीत सर्ज प्रोटेक्टर बसवून घ्या, तरी प्लग काढायची सवय ठेवाच.

मांडणी

इथं वेळ घालवा. पैसा लागत नाही आणि फरक सगळ्यात मोठा पडतो.

लांबट खोलीत स्पीकर आखूड भिंतीकडे ठेवा म्हणजे आवाज लांबीच्या दिशेनं येईल. दोन स्पीकरमधलं अंतर आणि प्रत्येकाचं तुमच्यापासूनचं अंतर जवळपास सारखं ठेवून सुरुवात करा, सहा ते आठ फूट. स्पीकरचं त्यांच्या मागच्या भिंतीपासून आणि बाजूच्या भिंतीपासूनचं अंतर मात्र एकसारखं नको. मागं अडीच असेल तर बाजूला दोन किंवा साडेतीन. डावी-उजवीकडची बाजू सारखी असावी: एका बाजूला भिंत आणि दुसरीकडे उघडं दार असेल तर गायक एका कडेला सरकतो.

बसायची जागा मागच्या भिंतीला टेकून नको, तिथं घुमारा सर्वांत जास्त. खोलीच्या अगदी मध्यावरही नको, तिथं पहिल्या घुमाऱ्याचा स्वर जवळपास नाहीसा होतो. तुमच्या मागच्या भिंतीपासून खोलीच्या लांबीच्या ३८ टक्क्यांवर बसून बघा. १५ फुटी खोलीत हे अंतर साडेपाच फुटांच्या आसपास येतं. तिथून सहा-सहा इंच पुढं-मागं सरकत डग्गा ऐका. एका जागी तो मोकळा आणि घट्ट होईल, ती खूण करा.

स्पीकरचा वरचा छोटा शंकू कानाच्या रेषेत यायला हवा. खुर्चीवर बसत असाल तर जमिनीपासून ३६ ते ४० इंच. आपल्याकडे मात्र गादी-लोडावर, मांडी घालून ऐकणारे पुष्कळ. तेव्हा कान जमिनीपासून साधारण ३० इंचांवर असतो आणि बाजारातले २४ इंची स्टँड उंच पडतात. माप घ्या आणि बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीतल्या एखाद्या फॅब्रिकेटरकडून चौकोनी लोखंडी पाइपाचे स्टँड वेल्ड करून घ्या. पाइपात वाळवलेली बारीक वाळू भरा. बेळगाव फाउंड्र्यांचं गाव आहे, अशी वाळू इथं मिळायला त्रास नाही. जड, न हलणारा स्टँड आवाजाला धार देतो.

शेवटी स्पीकर थोडे आत वळवा. मोनो ध्वनिमुद्रण लावून डोळे मिटा. आवाज दोन्ही स्पीकरमधून न येता बरोबर मधून, एका ठिकाणाहून यायला लागला की मांडणी जमली. जमिनीवर चिकटपट्टीनं खुणा करून ठेवा, कारण फरशी पुसताना स्पीकर हलणारच. मोजून बघायची हौस असेल तर यूएसबीवर चालणारा मोजणीचा माईक घ्या आणि रूम ईक्यू विझार्ड हे मोफत सॉफ्टवेअर वापरा. आलेखातला उंच डोंगर कुठल्या हर्ट्झवर आहे ते बघून वरच्या भागाकाराशी ताडून पाहा.

काय वाजवायचं आणि कशावरून

सीडीच्या दर्जाची फाइल म्हणजे १६ बिट, ४४.१ किलोहर्ट्झ. तासाभराच्या गाण्याला सुमारे ६३५ एमबी लागतात, फ्लॅकमध्ये साठवलं तर गुणवत्ता न गमावता जागा बरीच कमी लागते. याच्या वरच्या आकड्यांसाठी जास्त पैसे देण्याआधी चांगल्या मूळ ध्वनिमुद्रणाचा शोध घ्या. एकाच मैफलीच्या दोन प्रती असतात आणि एकीत कॅसेटची सरसर काढण्याच्या नादात तंबोराही पुसलेला असतो. सरसर असलेली प्रत ठेवा. वाजवायला जुना लॅपटॉप किंवा रास्पबेरी पाय (छोटा, स्वस्त संगणक) आणि एक नीटसा यूएसबी डॅक पुरे.

वायरींबद्दल थोडक्यात: स्पीकरला अडीच चौरस मिलिमीटरची मऊ तांब्याची वायर, दोन्ही बाजूंना सारख्या लांबीची. पाच मीटरला जाऊन-येऊन रोध ०.०८ ओहमच्या आसपास भरतो. याहून महाग वायरीला पैसा घालण्याऐवजी चार सीडी घ्या.

आवाजाची पातळी ७० ते ८० डेसिबलच्या दरम्यान ठेवली तर रोज ऐकूनही कान शाबूत राहतात. गल्लीतल्या घरांच्या भिंती सामाईक असतात. रहिवासी भागासाठी नियमानं दिवसा ५५ आणि रात्री दहा ते सकाळी सहा ४५ डेसिबलची मर्यादा आहे. शेजाऱ्याच्या भिंतीला टेकून स्पीकर ठेवू नका आणि एकदा त्यांनाही बोलावून ऐकवा.

पावसाळा आणि जुन्या तबकड्या

जूनपासून खानापूर-बेळगावात ओल सगळीकडे शिरते. यंत्रणा आठवड्यातून दोनदा तरी तास-दीड तास चालू ठेवा, आतल्या उबेनं दमटपणा जातो. कपाटात सिलिका जेलच्या पुड्या ठेवा आणि रंग बदलला की तव्यावर मंद गरम करून पुन्हा वापरा. रॉकवूलच्या चौकटी भिंतीला घट्ट चिकटवू नका, मागं हवा खेळली नाही तर बुरशी धरते. कौलारू घरात उंदीर असतील तर स्पीकरच्या मागच्या भोकाला बारीक जाळी लावा.

अनेक घरांत ट्रंकेत तबकड्या असतात. एलपीवर पांढरी बुरशी आली असेल तर डिस्टिल्ड पाण्यात थोडा आयसोप्रोपिल अल्कोहोल मिसळून मऊ मायक्रोफायबरनं खाचेच्या दिशेनं पुसा, आणि पूर्ण वाळल्यावरच उभ्या ठेवा. मिनिटाला ७८ फेऱ्यांच्या जुन्या तबकड्यांना मात्र अल्कोहोल लावायचा नाही, त्या लाखेच्या असतात आणि लाख अल्कोहोलमध्ये विरघळते. त्यांना डिस्टिल्ड पाण्यात भांड्यांच्या साबणाचा एखादा थेंब पुरतो. मधला कागद भिजू देऊ नका. आणि त्या वाजवायला सुईही वेगळी, एलपीच्या सुईपेक्षा साधारण चौपट रुंद टोकाची लागते. एलपीची सुई त्या खाचेच्या तळाशी घासते, खरखर वाढते आणि सुई खराब होते. कार्ट्रिज (सुई बसते तो भाग) घेतानाच दोन्ही सुया बसतील असं घ्या, आणि एलपीवर सुईचा भार कंपनीनं दिला असेल तितकाच, बहुतेक दीड ते अडीच ग्रॅम, छोट्या तराजूवर मोजून ठेवा.